डिकी उघडत नाही? लॉक बदलण्याआधी रबरी नळीतल्या वायरी बघा

पाऊस सुरू झाला की ठाण्या-नवी मुंबईतल्या गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास येते: डिकीचं बटण दाबलं तर काही होत नाही. दोन दिवस उघडीप मिळाली की डिकी आपोआप चालू, जोराची सर आली की पुन्हा बंद. मग कोणीतरी डिकीचं लॉक बदलून देतं. महिनाभर बरा जातो आणि गणपतीला कोकणात निघायच्या दिवशी पहाटे चारला डिकी पुन्हा अडून बसते, सामान पार्किंगमध्ये आणि माणसं गाडीभोवती.

असं वारंवार होतं कारण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बिघाड असतो छत आणि डिकी यांच्यामधल्या वळ्यावळ्यांच्या रबरी नळीत किंवा बटणात, आणि बदललं जातं लॉक. लॉक काढताना-बसवताना डिकी दहा-वीस वेळा उघडमीट होते, वायरी हलतात, तुटलेली टोकं तात्पुरती एकमेकांना टेकतात आणि सगळ्यांना वाटतं की नव्या लॉकने काम झालं. म्हणून हातात पाना घेण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते ठरवायचं. त्याला अर्धा तास लागतो आणि बहुतेक वेळा साधा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि वायरी तपासायचं यंत्र, पुरतो.

इथे जे सांगितलं आहे ते मागचा दरवाजा वर उचलायच्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे हॅचबॅक, एसयूव्ही, एमपीव्ही. सेडानच्या डिकीलाही यातलं बरंचसं लागू पडतं. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र वायर कापायची नाही. तपासणी करा, दोष कुठे वाटतो ते लिहून ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला तो कागद दाखवा.

हे काम पुढे ढकलू नये. स्टेपनी, जॅक आणि त्रिकोणी रिफ्लेक्टर डिकीत असतात. घोडबंदर रोडला किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर रात्री टायर पंक्चर झाला आणि डिकी बंद असली तर सगळं सामान जवळ असून उपयोग शून्य. सीएनजी गाडीत तर सिलिंडर आणि त्याचा हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह बहुतेक वेळा डिकीतच असतो. गळती झाली तर तिथवर हात पोचलाच पाहिजे.

आधी कान लावा

इंजिन बंद, पंखा बंद, गाडी अनलॉक. एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने मागच्या सीटवर बसून डिकीकडे कान द्यायचा. चारपैकी एक गोष्ट होईल.

काहीच आवाज नाही: करंट पोचत नाही, किंवा बटण दाबल्याचं गाडीला कळतच नाही. वायर, बटण, फ्यूज, बंद पडलेली मोटर किंवा गाडी लॉक असणं, यातलं काहीतरी.

खट्ट असा स्वच्छ आवाज येतो पण दरवाजा सुटत नाही: मोटर काम करते आहे, लॅच (लॉकमधला दरवाजा पकडून ठेवणारा भाग) अडकला आहे किंवा दरवाजावर दाब आहे.

घर्रर्र असा रिकामा फिरल्यासारखा आवाज येतो: मोटर फिरते पण आतला प्लास्टिकचा गिअर झिजला आहे किंवा दांडी निसटली आहे.

खट्ट होतं, दरवाजा बोटभर सुटतो पण वर येत नाही: लॉक ठीक आहे, डिकीचे शॉकअप, म्हणजे ती वर धरून ठेवणारे गॅसचे दांडे, गेले आहेत.

आवाज आला तर रबरी नळीच्या वायरींमागे लागायचं नाही, आणि आवाज नसेल तर वायरी आणि बटण तपासल्याशिवाय लॉक बदलायचं नाही. एवढं पाळलं तरी निम्मा खर्च टळतो.

आवाजच नाही

बटण दाबल्यावर होतं काय ते एकदा समजून घ्या. बहुतेक गाड्यांत बटणात मोठा करंट नसतो. ते गाडीच्या कंट्रोल युनिटला फक्त इशारा देतं. युनिट बघतं की गाडी अनलॉक आहे का, स्मार्ट चावी जवळ आहे का, गाडी उभी आहे का. सगळं जमलं तर ते लॅचच्या मोटरला क्षणभर १२ व्होल्ट सोडतं. म्हणजे यापैकी एक अट पुरी झाली नाही तरी बटण निकामी झाल्यासारखंच वागतं.

म्हणून आधी सोप्या गोष्टी. ड्रायव्हरच्या दाराशी असलेल्या स्विचने सगळी दारं एकदा लॉक आणि एकदा अनलॉक करा. काही गाड्यांत रिमोटचं अनलॉक एकदा दाबलं की फक्त ड्रायव्हरचं दार उघडतं, डिकीसाठी ते दोनदा दाबावं लागतं. स्मार्ट चावी असेल तर ती डिकीजवळ धरून बघा. चावीतला सेल बहुतेकदा सीआर २०३२ असतो, ३ व्होल्टचा, नखाने झाकण उघडून बदलता येतो. डिकी अर्धवट लागली असेल आणि डॅशबोर्डवर दरवाजा उघडा असल्याचं चिन्ह दिसत असेल तर ती आधी तळहाताने दाबून पूर्ण बंद करा, मग बटण दाबा.

बॅटरी मोजा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे अर्ध्यावर, १२ च्या खाली गेली तर सेंट्रल लॉक दगा देऊ लागतं. पावसाळ्यात महिनाभर स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या पार्किंगमध्ये) उभ्या राहिलेल्या गाडीत हे सर्रास दिसतं. दुसऱ्या गाडीवरून जंप देऊन इंजिन चालू करा आणि मग बटण दाबा. उघडली तर डिकीत दोष नाही.

फ्यूजचा तक्ता फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. सेंट्रल लॉकचा फ्यूज काढून उजेडात धरा, मधली तार तुटली आहे का बघा. तेवढ्याच अँपिअरचा बसवायचा: लाल १०, निळा १५, पिवळा २०. नवा बसवल्यावर तोही उडाला तर त्याच्या जागी मोठा फ्यूज किंवा तार बसवू नका. पुढे कुठेतरी वायर पत्र्याला लागली आहे, आणि ती जागा बहुधा तीच रबरी नळी असते. मोठा फ्यूज बसवला की जळायची पाळी वायरीवर येते.

डिकी आजच्या आज उघडायची असेल तर

पुढचं सगळं काम डिकी उघडी असताना करायचं आहे, त्यामुळे ती एकदा तरी उघडावीच लागते. मागच्या सीटची पाठ पाडा, पार्सल ट्रे काढा आणि टॉर्च घेऊन आत सरका. डिकीच्या आतल्या प्लास्टिक ट्रिमवर (आतून पत्रा झाकणाऱ्या आवरणावर), खालच्या कडेला मधोमध, अनेक गाड्यांत पाच-सहा सेंटिमीटरचं छोटं झाकण किंवा खाच असते. झाकण चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की आत लॅचची एक लहानशी पाती दिसते. ती एका बाजूला सरकवली की दरवाजा सुटतो. कुठल्या बाजूला ते गाडीच्या पुस्तकात असतं, नसेल तर दोन्ही बाजूंना हलक्या हाताने ढकलून बघा. जोर लावून पाती वाकवू नका.

झाकणच नसेल तर ट्रिम काढावं लागतं. हाताने धरायच्या खोबणीत झाकणाखाली लपलेले एक-दोन स्क्रू आधी काढा, नंतर कडेने क्लिपा एकेक करून सोडा. क्लिपा प्लास्टिकच्या पट्टीने उचका, लोखंडी स्क्रूड्रायव्हरने ट्रिमला दात पडतात. काही क्लिपा तुटणारच, म्हणून पाच-सहा नव्या आधीच आणून ठेवा.

सीएनजीच्या गाडीत सीट पाडली तरी सिलिंडर आडवा येतो आणि माणूस आत जाऊ शकत नाही. तेव्हा मागच्या सीटवर गुडघे टेकून सिलिंडरच्या वरून हात घालावा लागतो. मोबाइलचा कॅमेरा चालू करून सिलिंडरपलीकडे धरला की पडद्यावर खाच दिसते, आणि लांब दांड्याच्या चपट्या स्क्रूड्रायव्हरने पाती सरकवता येते. व्हॉल्व्ह आणि पाइपवर भार देऊ नका. गॅसचा वास येत असेल तर यातलं काहीच करायचं नाही: बटणही दाबू नका, दारं हाताने उघडी ठेवा, गाडीपासून लांब व्हा आणि सीएनजी किटचं काम करणाऱ्याला बोलवा.

रबरी नळी: खरा दोष बहुतेक इथेच

डिकी वर उचलून बिजागरीजवळ बघा. छतातून डिकीत जाणारी, हार्मोनियमच्या भात्यासारख्या वळ्यांची काळी रबरी नळी दिसेल. काही गाड्यांत डावी-उजवी अशा दोन असतात. बटणाच्या वायरी, मोटरच्या वायरी, मागच्या वायपरच्या, डिफॉगरच्या (मागच्या काचेवरचं बाष्प घालवणाऱ्या तारांच्या), नंबर प्लेटच्या दिव्याच्या, वरच्या ब्रेक लाइटच्या आणि या सगळ्यांचा करंट परत नेणारी अर्थ वायर, सगळं या एका मानेतून जातं. डिकी उघडली की ही मान सरळ होते, बंद केली की दुमडते. वर्षानुवर्षं तेच. इन्सुलेशन उन्हाने कडक होतं, त्याला चिरा पडतात, आतली तांब्याची बारीक तारांची जुडी एकेक तार करून तुटते. चिरेतून दमट हवा आत गेली की तांबं हिरवं पडतं. वाशी, ऐरोली, नेरूळसारख्या खाडीलगतच्या भागात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना खारट हवेमुळे हे लवकर होतं.

ओळखायची खूण सोपी आहे. डिकी उघडत नाही आणि त्याच सुमारास नंबर प्लेटचा दिवा, मागचा वायपर, वरचा ब्रेक लाइट किंवा रिव्हर्स कॅमेरा यातलं आणखी काही बंद पडलं असेल, तर लॉककडे बघूच नका. ब्रेक दाबल्यावर नंबर प्लेटचा दिवा मिणमिणतो किंवा वायपर रडतखडत चालतो, असं काही दिसलं तर अर्थ वायर तुटली आहे आणि करंट भलत्याच वाटेने परततो आहे.

खात्री करायची रीत अशी. डिकी उघडी ठेवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने लॅचचा पंजा फिरवून बंद करा, म्हणजे दरवाजा उघडा पण लॉक लागलेलं अशी स्थिती होईल. आता एकाने बटण दाबत राहायचं आणि दुसऱ्याने नळी हाताने वाकवायची, पिळायची, डिकी वर-खाली करायची. एखाद्या कोनात लॅच खट्कन सुटला तर दोष सापडला.

नंतर नळीचं छताकडचं टोक पत्र्यातून बाहेर काढा. ओठासारखी कड असते, बोटांनी आत दाबत सोडवली की येते. नळी खाली सरकवा आणि वायरी एकेक करून दोन बोटांत धरून हलकेच ओढा. शाबूत वायर ताठ लागते. जिच्या आतलं तांबं तुटलं आहे ती ताणल्यावर रबरासारखी लांबते, कारण हातात नुसतं वरचं आवरण आलेलं असतं. बाहेरून तिच्यावर चरासुद्धा नसतो, म्हणून नुसतं बघून 'वायरी ठीक आहेत' असं म्हणू नये. शंका असलेली वायर मल्टिमीटरच्या बीपवर (वायर अखंड असेल तर वाजणाऱ्या सेटिंगवर) तपासा, नळीच्या वरचं टोक ते खालचं टोक, आणि तपासताना ती वाकवत राहा.

दुरुस्तीत बहुतेक जण इथेच चुकतात. तुटलं तिथेच पिळून काळी टेप गुंडाळली जाते. तो जोड नेमका वाकणाऱ्या जागी येतो, वायर दोन सेंटिमीटर आखूड होते, आणि पुढच्या पावसाळ्यात डिकी पूर्ण उघडताना ती परत तुटते. बरोबर पद्धत अशी की आधी बॅटरीचं मायनस टर्मिनल काढायचं, नळीतला १५ ते २० सेंटिमीटरचा सगळा थकलेला तुकडा कापून टाकायचा आणि नवा तुकडा जोडायचा. एक जोड छताच्या आत, दुसरा डिकीच्या पत्र्याच्या आत, दोन्ही नळीच्या बाहेर. एका वेळी एकच वायर कापायची आणि ती जोडून झाल्यावरच दुसरीला हात लावायचा, म्हणजे रंग चुकत नाहीत. त्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

वायर बारीक तारांची, मऊ, गाडीसाठीची घ्या. बटण, दिवे आणि मोटरसाठी ०.७५ चौरस मिलिमीटर पुरते. डिफॉगर मोठा करंट घेतो, त्याला आणि मुख्य अर्थला २.५ ची घाला. घरातल्या वायरिंगची जाड तारांची वायर इथे चालत नाही, ती काही महिन्यांत मोडते. जोडाला सोल्डर मारून त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, चढवा. स्लीव्ह वायर जोडण्याआधी आत ओवायची, हे घाईत विसरायला होतं. सोल्डर वायरीत थोडं पुढे झिरपतं आणि तेवढा भाग कडक होतो, म्हणून जोड वाकणापासून चार-पाच सेंटिमीटर लांब हवा. सगळे जोड एकाच ठिकाणी आले तर गाठ होऊन नळी चढत नाही, ते तीन-चार सेंटिमीटर पुढे-मागे ठेवा. डिकी पूर्ण उघडी असताना वायर ताणलेली नसावी, थोडी सैल राहावी. लांबी ठरवताना डिकी वर करूनच मोजा.

एक वायर तुटली असेल तर तिच्या शेजारणीही त्याच वयाच्या आहेत. नळी उघडली आहे तोवर सगळ्याच बदलून टाका. एकच बदलून घेतली तर सहा महिन्यांत दुसऱ्या वायरीसाठी तेच काम नव्याने करावं लागतं.

नळीतून अजून एक गोष्ट जाते, ती म्हणजे मागच्या काचेवर पाणी उडवायची बारीक प्लास्टिकची नळी. ती आत निसटली किंवा चिरली की वॉशर दाबल्यावर पाणी काचेवर न जाता वायरींवर आणि तिथून ओघळून थेट लॅचच्या मोटरवर पडतं. काचेवर पाणी येत नाही आणि ट्रिमच्या कडेने ठिपकतं, अशी तक्रार असेल तर आधी ती बसवा. नाहीतर नवं बटण, नवी मोटर, सगळं भिजत राहील.

नळी परत चढवताना साबणाचं पाणी लावा, तेल नको, तेलाने रबर फुगतं. कड चहूबाजूंनी पत्र्यात नीट बसली आहे का ते बोट फिरवून बघा. एका ठिकाणी जरी दुमडली असली तरी छतावरचं पाणी तिथून आत येतं. बाहेरून रिव्हर्स कॅमेरा बसवलेल्या गाड्यांत हे फार दिसतं: कॅमेऱ्याची वायर घुसवण्यासाठी नळीला चीर दिलेली असते किंवा ती वायर कडेखालून ओढलेली असते. अशा गाडीत तपासणीची सुरुवात कॅमेऱ्याच्या वायरीपासून करा.

छताकडची टोकं गाठण्यासाठी मागच्या खांबाचं ट्रिम काढावं लागलं तर त्यावर एअरबॅगची खूण आहे का ते आधी बघा. असेल तर ते काम स्वतः करू नका, सर्व्हिस सेंटरला द्या.

बटण

नंबर प्लेटच्या वर, पट्टीखाली लपलेलं रबराचं बटण उन्हाने मऊ होतं, चिकट लागतं, नंतर फाटतं. मग पावसाचं पाणी, प्रेशर पंपाची धार आणि रोज सकाळी गाडी पुसणाऱ्याच्या बादलीतलं पाणी आत जातं. आतल्या मायक्रोस्विचवर गंज चढतो. कोरड्या दिवशी चालतो, ओल्या दिवशी नाही. ओलाव्याने आतच जोडला गेला तर उलटा त्रास: लाल सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीची डिकी आपोआप सुटते.

ट्रिम काढून बटणाचा कनेक्टर सोडा. दोनच वायरी असतील तर गाडीकडच्या कनेक्टरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडा. लॅच सुटला तर बटण खराब, पुढचं सगळं ठीक. सुटला नाही तर दोष नुसता बटणात नाही, वायर किंवा मोटर बघा. स्मार्ट चावीच्या गाड्यांत बटणाला तीन-चार वायरी असू शकतात. तिथे अंदाजाने पिना जोडू नका, नवं किंवा चालू स्थितीतलं बटण लावून बघा.

कनेक्टरमध्ये हिरवी-पांढरी बुरशी दिसली तर काँटॅक्ट क्लीनर मारून, जुन्या टूथब्रशने घासून, वाळवून मग ओलावा अडवणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. नव्या बटणाभोवती सिलिकॉन सीलंट लावणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारा घेऊ नका, त्याच्या आम्लाने तांबं खराब होतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेला मागा. आणि डिकीच्या खालच्या कडेला पत्र्यात पाणी निघायची भोकं असतात, ती चिखलाने बुजतात. केबल टायच्या टोकाने मोकळी करा. डिकी वर उचलताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज येत असेल तर ही भोकं बुजली आहेत.

मोटर आणि लॅच

लॅच दोन-तीन बोल्टवर असतो, बहुधा १० चा पाना लागतो. काढण्याआधी बोल्टच्या डोक्याभोवती मार्करने खूण करा. मोटरला दोनच पिना असतील तर १० अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या, पण अर्धा सेकंदच. ही मोटर क्षणभर चालण्यासाठी बनवलेली असते, वायर धरून ठेवली तर कॉइल जळते. चांगली मोटर एका झटक्यात खटका ओढते. सीएनजी गाडीत ही चाचणी लॅच बाहेर काढून, गाडीपासून दूर नेऊन करा.

मोटर नीट आहे पण पंजा सुटत नाही, तर आत धूळ आणि वाळलेलं ग्रीस आहे. रस्त्याच्या कामाची धूळ बसलेल्या गाड्यांत हा लगदा काळ्या डिंकासारखा होतो. डब्ल्यूडी-४० मारलं की तो सुटतो, पण तेवढ्यावर थांबू नये. ते गंज आणि ओलावा काढण्यापुरतं चांगलं आहे, वंगण म्हणून टिकत नाही. पंजा आणि खटका पुसून कोरडे करा आणि वाटाण्याएवढं पांढरं लिथियम ग्रीस लावा. चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस भरलं की त्यावर धूळ चिकटून पुन्हा तेच होतं. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुवा, वाळवा, मग डब्ल्यूडी-४० मारा.

मोटर रिकामी घर्र करत असेल तर गिअर झिजला आहे. तिथे पूर्ण लॅच बदलणंच शहाणपणाचं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना मिळतो, पण घेताना गाडीचं वर्ष आणि पिनांची संख्या जुळवून घ्या, आणि दुकानातच बॅटरीवर चालवून बघा.

खट्ट होतं, पण सुटत नाही

मागून हलका धक्का लागलेली गाडी, ठासून भरलेली डिकी किंवा नवीन बीडिंग (दरवाजाच्या चौकटीची रबरी पट्टी), यातलं काही असेल तर दरवाजा बाहेरच्या दिशेला ढकलला जातो आणि पंजा लोखंडी कडीवर इतका घट्ट बसतो की मोटरला तो सोडवता येत नाही. एकाने तळहाताने डिकी खाली-आत दाबून धरायची, दुसऱ्याने त्याच क्षणी बटण दाबायचं. सुटली तर दोष दाबाचा. गावाला निघताना बॅगा दरवाजाला टेकवून भरल्या की हेच होतं, त्यामुळे शेवटची बॅग आणि दरवाजा यांत चार बोटं जागा ठेवा. बॅगेचा पट्टा लॅचमध्ये अडकला नाही ना, तेही बघा.

बॅगा नसतानाही होत असेल तर डिकीच्या दोन्ही कोपऱ्यांतले रबरी गुटके अर्धा-अर्धा आटा आत फिरवा. तेवढ्याने भागलं नाही तर कडीचे बोल्ट सैल करून ती १ ते २ मिलिमीटर सरकवा, आधी मार्करने खूण करून. नंतर बीडिंगवर कागदाची पट्टी ठेवून डिकी बंद करा आणि पट्टी ओढा. थोड्या जोराने निघाली तर बरोबर, अलगद निघाली तर तिथून पाणी येईल. उन्हात महिनोन्महिने बंद राहिलेल्या गाडीत बीडिंग पत्र्याला चिकटतं, त्यावर सिलिकॉन स्प्रे मारून फडक्याने पुसलं की पुरे.

केबल, चावी आणि शॉकअप

जुन्या गाड्यांत ड्रायव्हरच्या सीटजवळ डिकीचा खटका असतो. तो सैल लागत असेल तर केबल ताणली आहे किंवा तिचं बाहेरचं आवरण खोबणीतून निसटलं आहे. खटक्याचं कव्हर काढून आतली तार पकडीने ओढा, दुसऱ्याने डिकी वर खेचायची. आवरण परत बसवलं की बऱ्याचदा काम होतं, नाहीतर केबल बदला.

चावीचं भोक वर्षानुवर्षं वापरलं नसेल तर आत ग्रॅफाइट पूड फुंका, तेल घालू नका. चावी फिरत नसेल तर जोर करू नका, ती आत मोडते. चावी अगदी अलगद, काहीच न अडता फिरत असेल तर मागच्या दांडीची प्लास्टिक क्लिप तुटली आहे. ती एक क्लिप बदलली की काम होतं, अख्खं लॉक बदलायची गरज नाही.

दरवाजा सुटतो पण हाताने जड लागतो किंवा डोक्यावर येतो, तर शॉकअपमधला गॅस गेला आहे. दोन्ही एकदम बदला, त्यावर लिहिलेला न्यूटनचा आकडा जुळवून. एक काढताना डिकीला भक्कम लाकडी टेकू द्या. डिकी बंद असताना बारीक दांडी खाली आणि जाड नळी वर, असं बसवा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. जुना शॉकअप भोक पाडून किंवा जाळून टाकू नका, त्यात दाबाखाली गॅस असतो.

डिकी बंद करण्याआधी

ट्रिम लावण्याआधी, डिकी उघडी असतानाच स्क्रूड्रायव्हरने पंजा बंद करा. दोन खट् ऐकू यायला हवेत, पहिला अर्धवट लॉकचा, दुसरा पूर्ण लॉकचा. बटण दाबून सोडवा. असं दहा वेळा, त्यातले पाच वेळा नळी वाकवत आणि दोन वेळा रिमोटवरून. एकदा जरी चुकलं तरी दरवाजा बंद करू नका, कारण डिकी बंद होऊन पुन्हा अडकली तर सगळं पहिल्यापासून. दहाही वेळा नीट सुटलं की नंबर प्लेटचा दिवा, वायपर, वॉशरचं पाणी, डिफॉगर, वरचा ब्रेक लाइट आणि कॅमेरा एकेक करून चालू करून बघा. मग एकाने मागच्या सीटवर टॉर्च घेऊन बसावं, दुसऱ्याने बाहेरून नळीच्या कडेवर आणि बटणावर पाइपने पाच मिनिटं साधं पाणी सोडावं. आत एक थेंब दिसला तरी रबरी कड पुन्हा बसवा, आणि त्यानंतरच ट्रिमच्या क्लिपा ठोका.